धनादेश

चेकला 'धनादेश' हा शब्द ज्या कोणी दिला, त्याला मी मनोमन नमस्कार करतो. आमच्या ग्वाल्हेरात तो कोणाच्या तोंडी नाही. इथल्या मराठी घरांतही हिंदीच्या शेजाराने चेक 'कापतात'. परंतु लष्कर भागातल्या एका बँकेत तीस वर्षे काउंटरमागे काढल्यावर माझी खात्री झाली आहे की, चेकचे सारे मर्म त्या शब्दाच्या उत्तरार्धात आहे. धन नव्हे, आदेश. चेक म्हणजे पैसा नव्हेच. ज्याच्यापाशी आपण पैसे ठेवले, त्याला लिहून दिलेली ती आज्ञा असते: यातले इतके अमक्याला दे. आज्ञा करणारा, ती पाळणारा आणि कागद हाती घेऊन खिडकीशी उभा असलेला, अशी तिघांची ही गोष्ट. 1881 चा परक्राम्य संलेख अधिनियम (नाव उच्चारायला जड, पण काम सोपे) चेकची व्याख्या करतो तीही एवढीच: ठरावीक बँकेवर काढलेली, मागताक्षणी फेडायची हुंडी.

आता हुंडी म्हणजे आमच्या घरचीच गोष्ट. हे लष्कर 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभे राहिले, आणि जिथे फौज तिथे सराफ आलाच. दर्शनी हुंडी दाखवताच फेडायची, मुदती हुंडी मुदत भरल्यावर. शाहजोग असेल तर पैसे कोणा प्रतिष्ठित सावकाराच्याच हाती पडायचे. आजच्या चेकवर डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारून आपण तेच साधतो, रोख नको, खात्यातच जमा व्हावे. हुंडीत खाडाखोडीला वाव राहू नये म्हणून रकमेबरोबर तिची निम्मी रक्कमही लिहीत: रुपये दोनशे, निमे शंभर, त्याची दुप्पट. आपण आकडा लिहून पुन्हा अक्षरी लिहितो, ते याच जातीचे. गंमत अशी की, 1881 च्या कायद्याने देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक चालीरीतींना हात लावला नाही. साहेबाला बहुधा ठाऊक असावे की, पेढीवरचा शब्द कलमांशिवायही पाळला जातो.

पण आज्ञा करणारा जाग्यावर नसेल तर? आमच्या सराफ्याने हा प्रश्न एकदा फार महाग सोडवला आहे. शिंद्यांच्या खजिन्याला गंगाजळी म्हणत; परकीय चलनाच्या साठ्यासाठी वर्तमानपत्रे वापरतात तोच शब्द. जून 1858 मध्ये फौज उलटली, जयाजीराव आग्र्याच्या वाटेला लागले, आणि ग्वाल्हेर राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे व रावसाहेब पेशव्यांच्या हाती आले. खजिनदार होते अमरचंद बांठिया. त्यांनी या फौजेसाठी खजिना मोकळा केला. राणी पडली, इंग्रज परतले, आणि त्याच महिन्यात बांठियांना सराफ्यात कडुलिंबाच्या झाडाला फाशी दिले. बँकवाल्याच्या हिशेबाने बांठियांनी मालकाची सही नसलेला चेक वटवला. आम्ही ग्वाल्हेरकर त्यांना हुतात्मा म्हणतो. मीही म्हणतो. पण तीस वर्षे ज्याने समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे न पाहता आधी सहीच्या नमुन्याकडे पाहिले, त्याला त्या झाडाखाली थोडे अवघडल्यासारखे होते.

सहीवरून आत्या आठवते. आत्या एकटी, शिंद्यांच्या छत्रीजवळच्या जुन्या वाड्यात राहणारी. मोडी शिकलेली, त्यामुळे तिची सही देवनागरीत असूनही एका ओढीत, हात न उचलता केलेली. रक्कम ती मराठीतच लिही: 'पंचवीस हजार फक्त'. नवा कारकून कधी 'पच्चीस' का नाही म्हणून विचारी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने चेक हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत लिहिता येतो. आमच्या प्रदेशाची भाषा हिंदी, तेव्हा मराठीचे काय, हा प्रश्न तुम्हा सीमेवरच्या मंडळींना मी समजावून सांगायला नको. लिपी एक असल्याने आत्याचे निभावून जाई.

2019 च्या पावसाळ्यात तिचा हात कापू लागला. दोन चेक लागोपाठ परत आले: सही जुळत नाही. अशा आजारी खातेदारासाठी तरतूद आहे. अंगठा उठवायचा, दोन साक्षीदार हवेत, पैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेतला एक भला तरुण शाईचा पॅड घेऊन घरी आला. आत्याने हात पदराखाली घेतला. "मी शिकलेली बाई आहे. अंगठा नाही देणार." त्याने समजावले, मी समजावले. शेवटी तो चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आत्या रोज सकाळी सही गिरवू लागली. महिना-दीड महिना. मग एके दिवशी जुनी ओढ पुन्हा साधली. त्याच दिवशी तिने एक चेक लिहिला, पंचवीस हजारांचा, तिला सांभाळणाऱ्या बाईच्या नावे.

अकराव्या दिवशी आत्या गेली. दहनानंतर दोन दिवसांनी मी शाखेत जाऊन मृत्यूची वर्दी दिली. ती द्यायचीच असते. आणि बँकेला ही वर्दी मिळाली की गेलेल्याची आज्ञा तिथे थांबते. त्याच्या सहीचा चेक कितीही खरा असो, खात्यात कितीही पैसे असोत, तो परत जातो. बाईने मात्र रीत म्हणून तेरावा होईपर्यंत चेक देवघरात ठेवला होता. चौदाव्या दिवशी भरला. दोन दिवसांनी दारात उभी: "भैया, बाईसाब का कागज लौट आया."

आतेभावांपैकी एक पुण्याला, दुसरा परदेशी. फोनवर दोघांचे म्हणणे एकच: चेक म्हणजे मृत्युपत्र नव्हे. कायद्याने बरोबरच होते ते. न वटलेल्या चेकबद्दल फौजदारीचे कलम 138 एप्रिल 1989 पासून आहे, पण त्यालाही मुळात वसूल होण्याजोगे देणे लागते. बक्षिसीच्या चेकला ते लागू नाही, आणि गेलेल्या माणसावर खटला कसला. मी आत्याचे चेकबुक काढले. चेक फाडल्यावर मागे राहणाऱ्या त्या अरुंद तुकड्यावर आपण सहसा काही लिहीत नाही. आत्याने लिहिले होते: 'बाईचे राहिलेले.' दोन शब्द. बक्षिसी असती तर 'राहिलेले' कशाला लिहिले असते? ते देणे होते, आणि देणे माणसाबरोबर जळत नाही, ते मागे ठेवलेल्या पैशांतून फिटते. त्या तुकड्याचा फोटो मी दोघांना पाठवला. पुण्याहून रात्री फोन आला, "दादा, मी चेक पाठवतो."

नवा चेक पाच दिवसांत आला. पूर्वी परगावचा चेक वटायला पंधरा-वीस दिवस धरत. एका दिवाळी अंकाने मला पाठवलेल्या एक्कावन्न रुपयांच्या मानधनातून बँकेचा वटाव वजा होऊन किती हाती आले, ते सांगण्यासारखे नाही. 2008 मध्ये दिल्लीपासून चेकऐवजी त्याचे चित्र पाठवण्याची पद्धत सुरू झाली, आणि 4 ऑक्टोबर 2025 पासून तर चेक दिवसभर सतत पुढे जातात आणि त्याच दिवशी फैसला अपेक्षित असतो. तेरा दिवस देवघरात थांबणाऱ्यांचा त्यात कोणी विचार केलेला नाही, आणि तो बँकेने करावा असे मीही म्हणणार नाही.

बाईच्या खात्यात पैसे जमा झाल्यावर मी तिच्याकडे जुना चेक मागितला. हिशेब मिटला की कागद फाडून टाकायचा, ही माझी सवय. तिने दिला नाही. रक्कम, तारीख, परतीच्या चिठ्ठीवरचा शेरा, यातले तिला काहीच वाचता येत नव्हते. सहीवर बोट ठेवून ती म्हणाली, "यह तो बाईसाब ने खुद किया था." आणि चेक घडी करून पासबुकात ठेवला.