नवगावचे उंचवटे

आमच्या आडनावांतच गावं आहेत. रोहेकर, पेणकर, केहिमकर. घाण्यावर तेल गाळायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून कोकणात आम्हा बेने इस्रायल ज्यूंना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनाव ऐकलं की गाव कळे. पूर्वज शोधायला निघालेल्याला ही मोठीच सोय वाटते. पण गावाशी येऊन वाट संपते.

म्हणून सगळ्यांच्याच मूळ ठिकाणी, अलिबागजवळच्या नवगावला गेलो. इथल्या समुद्रात जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, किनाऱ्याला लागलेली प्रेतं इथल्याच उंचवट्यांखाली पुरली, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हे कधी घडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. माझं त्यावाचून अडत नाही. उंचवट्यांवर ना नाव, ना साल. पोथ्या जहाजाबरोबर बुडाल्या. प्रार्थनांपैकी तोंडी उरला तो ‘शेमा’.

नावं सुरू होतात ती फार पुढे. आमच्या जुन्या कबरस्तानांत एकाच दगडावर हिब्रू आणि मराठी भेटते. पण तिथेही घोळ असतो, एकाच माणसाची दोन नावं. मुंबईत 1796 साली पहिलं सिनेगॉग उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. दिवेकरांची दोन्ही नावं टिकली. माझ्या खापरपणजोबांचं एकही टिकलं नाही. त्यांनी सिनेगॉग बांधलं नव्हतं.

मृतांसाठी कद्दिश म्हणायला दहा पुरुष लागतात. नवगावला आम्ही दोघेच होतो, मी आणि आतेभाऊ. मग नुसता शेमा म्हटला. वाचलेल्या त्या चौदा जणांनीही बहुधा तेवढाच म्हटला असेल.

परतताना आतेभाऊ म्हणाला, “दादा, दगड कसले शोधतोस, कागद शोध.” त्याचं खरं आहे. 1948 नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली आणि लग्नाचे करार, मराठी पत्रं, प्रार्थनेच्या पुस्तकात कोऱ्या पानावर टिपलेल्या जन्मतारखाही त्यांच्याबरोबर गेल्या. अश्दोद-दिमोनातल्या नातवंडांना त्यातलं अक्षर लागत नाही, आणि न लागणारा कागद घर आवरताना आधी फेकला जातो. तुमच्या ओळखीत असं घर असेल, इथे किंवा तिकडे, तर त्या कागदांचे फोटो मागवून घ्या आणि वाचून दाखवा. मराठी येणाऱ्या कुणालाही हे जमेल.