छतसुद्धा विकायला होतं!

ए लाडके,

वॉशिंग्टन स्क्वेअरच्या ज्या कमानीखालून तू रोज घाईघाईनं जातेस, ती ज्यानं रेखाटली त्या स्टॅनफर्ड व्हाइटच्या घराच्या लिलावाचा कॅटलॉग सध्या वाचतेय. 1907 सालचा. तुला सांगते, रात्री खाली ठेववत नाही!

1906 च्या जूनमध्ये हॅरी थॉ नावाच्या लक्षाधीशानं त्याला गोळ्या घातल्या. व्हाइटनंच बांधलेल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गच्चीवर, नाटक चालू असताना! मागे कर्जाचा डोंगर. मग ग्रामर्सी पार्कच्या राहत्या घरातलं सगळंच लिलावात निघालं. गालिचे, मखमली पडदे, सोनेरी खांब, दारांच्या चौकटी आणि चक्क युरोपातून आणलेली कोरीव छतं! खुर्ची घ्यायला आलेली बाई नवऱ्याला म्हणत असेल, ‘अहो, हे छत आपल्या दिवाणखान्यात बसेल का?’ तू तर टेप काढून मोजायलाच लागली असतीस.

माणूस म्हणून मात्र तो मनातून उतरतो गं. एव्हलिन नेस्बिट जेमतेम सोळाची पोर. तिच्याशी तो जे वागला, ते वाचून अंगावर काटा येतो. तरीही त्याची नजर नाकारता येत नाही. युरोपातल्या जुन्या वास्तूंचे तुकडे आणून त्यानं अमेरिकेतल्या धनिकांची घरं सजवली. शेवटी त्याचंही घर तुकड्यातुकड्यांनी दुसऱ्यांकडे गेलं. त्या जागी पुढे ग्रामर्सी पार्क हॉटेल उभं राहिलं. सगळं एकत्र उरलंय ते या पानांवर: आकडा, दोन ओळी वर्णन, माप.

म्हणून तर हे तुला लिहितेय. मावशीचा पेठेतला वाडा पुढच्या महिन्यात पाडणार. जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन खांब आणि दिंडीदरवाजा बघूनही गेला. मावशी त्याला चहा देते आणि आत जाऊन डोळे पुसते. वाडा वाचवणं आपल्या हातात नाही. पण यादी तर करता येईल ना? मी माजघरापासून सुरुवात केलीय: तुळया, कोनाडे, फडताळं, कडीपाटाची मापंसुद्धा.

माळा तुझ्याकडे. सुट्टीतल्या दुपारी तिथं लपून चिंचा खायचीस, तेव्हा तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं? आठवेल ते सगळं लिहून पाठव. आणि आळस केलास तर मावशीला चिंचांचं सांगेन हं!

तुझीच,
मी