मिठाची सुटी जोडी

‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार आम्हां बेळगाव-निपाणीकडील जुन्या मराठी घरांत अजून सहज वापरला जातो. मात्र त्या मिठात कोण कोणाला किती घट्ट धरून असते, हे आम्ही क्वचितच विचारतो.

स्वयंपाकघरातील मिठाच्या स्फटिकात सोडियम या धातूच्या प्रत्येक कणाभोवती क्लोरिनचे सहा शेजारी असतात, आणि प्रत्येक क्लोरिनभोवती सोडियमचे सहा. अमुक अमक्याचा, असे तेथे म्हणता येत नाही. जोडी पाहायची तर मीठ शेकडो अंश तापवून त्याची विरळ वाफ करावी लागते. त्या मोकळिकीत सोडियम-क्लोरिनचा सुटा रेणू गरगर फिरतो. मात्र वाटेल त्या गतीने नव्हे, ठरलेल्या पायऱ्यांनीच. पायरी बदलताना तो सूक्ष्मलहरी शोषतो वा सोडतो. त्यांची वारंवारता जवळजवळ १३ गिगाहर्ट्झच्या पटीत येते, आणि तिच्यावरून दोन अणूंमधील अंतर काढता येते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स टाउन्स व सहकाऱ्यांनी अशा क्षारांची मापे १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. याच खुणांवरून १९८७ मध्ये सिंह राशीतील एका वृद्ध ताऱ्याच्या आवरणात आणि २०१९ मध्ये मृग नक्षत्रातील एका तरुण ताऱ्याभोवती मीठ ओळखले गेले. रेणूंचे फिरणे मोजणारे यंत्र आमच्याच राज्यात, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही उभारले गेले आहे.

मापे विचारात पाडणारी आहेत. सुट्या जोडीत अंतर २.३६ अँगस्ट्रॉम, तर स्फटिकात २.८२. एकट्याशी असलेली ओढ जवळची. सहांत वाटलेली सैल.

आम्हां थोड्यांची मराठी घट्ट राहिली ती वेगळेपणामुळे, असे आम्ही आजवर मानत आलो. नातवंडांच्या बोलण्यात कन्नड शब्द आले की आमच्या मनात पाल चुकचुकते. परंतु सुटी जोडी टिकते ती विरळ वाफेतच. दुसरी भेटली की ती तिला बिलगते. उलट, प्रत्येक दुवा लांबलेला असूनही स्फटिक एकंदरीने अधिक भक्कम असतो. तो वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. भाषेला पदार्थविज्ञानाचे नियम लागू होत नाहीत, हे आम्ही जाणतो. तरीही शेजाऱ्यांत वाटली गेलेली ओढ म्हणजे तुटलेली ओढ नव्हे, एवढे मिठाकडून शिकायला हरकत नसावी. बाजारात कन्नड आणि देवघरात मराठी बोलणाऱ्या आमच्या घरांनी खाल्लेले मीठ तरी दोन्हीकडचेच आहे.