कमाई थांबली की नातं दिसतं

डेट्रॉइटच्या उपनगरांत मी करसल्लागार म्हणून काम करतो. रिटर्नच्या मोसमात मराठी घरांतून येणारा हमखास प्रश्न असतो, पुण्यातल्या आईवडिलांना डिपेंडंट दाखवता येईल का? नाही, कारण ते अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी नाहीत. हल्ली आणखी एक प्रश्न येतो, जरा अडखळत. ‘‘काका, आमचं लग्न झालेलं नाही, पण एकत्र राहतो. तिची नोकरी गेलीय. तिला दाखवू का?’’

दाखवता येतं. अमेरिकी करसंहितेच्या कलम १५२ मध्ये रक्ताच्या नात्याशिवायही एक वाट आहे. जोडीदार १ जानेवारी ते ३१ डिसेंबर तुमच्याच घरी राहिलेला हवा. फेब्रुवारीत राहायला आला असेल तर ते वर्ष गेलं. २०२५ साली त्याचं करपात्र उत्पन्न ५,२०० डॉलरपेक्षा कमी हवं, आणि घरभाडं, किराणा, औषधपाणी धरून त्याच्या निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही केलेला हवा. त्यानं स्वतःची शिल्लक मोडून खर्च केला, तर तो त्याच्या बाजूला धरतात. स्टुडंट व्हिसावरचे बरेच जण पहिली पाच वर्षं करासाठी अनिवासी असतात. त्यांना हे लागू नाही.

इतकं करून हाती येतात ५०० डॉलर. ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’चा, म्हणजे कुटुंबप्रमुखाचा, सवलतीचा दर्जा तर केवळ जोडीदारामुळे मिळतच नाही. खरा पैसा आहे आरोग्यविम्यात. कंपनी तुमच्या अविवाहित जोडीदाराच्या विम्यापोटी महिन्याला ६०० डॉलर भरते असं समजा. तो डिपेंडंट नसेल तर वर्षाचे ७,२०० डॉलर तुमच्या पगारात मिळवले जातात. २२ टक्क्यांच्या टप्प्यात नुसता फेडरल प्राप्तिकरच १,५८४ डॉलर. आणि विम्यापुरती ती ५,२०० ची मर्यादा लागू होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. जोडीदार अर्धवेळ नोकरी करून थोडंफार कमावत असला, तरी बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तर कंपनीच्या एचआरला हे जरूर कळवा.

कलमात आणखी एक पाचर आहे. तुमचं एकत्र राहणं स्थानिक कायद्याविरुद्ध असेल, तर जोडीदार डिपेंडंट ठरत नाही. १९७९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका करदात्याची वजावट अपील कोर्टानं याच कारणानं नाकारली. आमच्या मिशिगनमध्येही १९३१ चा असा कायदा होता. एका वर्षाची कैद, हजार डॉलर दंड. त्याखाली सहसा कुणाला पकडलं जात नसे, पण रिटर्न भरताना तो आडवा येई. २०२३ मध्ये तो रद्द झाला. त्यासाठी झालेल्या युक्तिवादांतला एक होता याच करसवलतीचा.

लग्नाचा हिशेब निराळा. नवरा-बायको एकमेकांचे डिपेंडंट कधीच नसतात. ३१ डिसेंबरला लग्न लागलं तरी वर्षभर विवाहित धरतात, आणि २०२५ च्या आकड्यांनुसार एकत्र रिटर्नची प्रमाणित वजावट १५,७५० वरून ३१,५०० डॉलर होते. न कमावणाऱ्या जोडीदारामुळे ५०० च्या कितीतरी पट कर वाचतो. लग्न केलेल्यांना एक दिवस पुरतो, न केलेल्यांना ३६५ दिवसांचा पुरावा जमवावा लागतो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी भाडेकरार आणि बँकेची स्टेटमेंट जपायला सांगतो. दोघंही आपापला खर्च भागवण्याइतके कमावते असतील तर मात्र कागद आणूच नका. बरोबरीनं घर चालवणाऱ्या अविवाहित जोडप्यासाठी या कायद्यात रकानाच नाही.