टॅबला कॅमेरा कशाला हवा?

गेल्या दिवाळीत दौंडला घरी गेलो, तेव्हा पप्पांनी टॅब घ्यायचा विषय काढला. आबांसाठी. आबा रेल्वेत ड्रायव्हर होते, आता ८३ वर्षांचे आहेत. मोबाइलच्या स्क्रीनवरचं त्यांना नीट दिसत नाही. कीर्तनं आणि कुस्त्या जरा मोठ्या पडद्यावर बघायला मिळाव्यात एवढीच त्यांची इच्छा. पप्पा म्हणाले, "बिनकॅमेऱ्याचा मिळतो का रे? या वयात फोटो कुठं काढायचेत त्यांना? हजार-दोन हजार तरी वाचतील."

मी इंजिनिअर. कारखान्यांमध्ये वापरायची टॅबची ॲप्स बनवणं हेच माझं काम. असल्या प्रश्नाला मी एरवी दोन मिनिटांत उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मात्र नुसतं "बघतो" म्हणून उठलो. कारण टॅबच्या कॅमेऱ्यानं गेले दोन महिने माझी झोप घालवली होती, आणि ते घरात कुणाला माहीत नव्हतं.

आधी पप्पांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. असा टॅब दुकानात सहसा मिळत नाही. पण हे पहिल्यापासून असं नव्हतं. जानेवारी २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनं पहिला आयपॅड दाखवला, त्याला एकही कॅमेरा नव्हता. मार्च २०११ मध्ये आयपॅड २ आला तो पुढे एक आणि मागे एक असे दोन कॅमेरे घेऊन. मागचा तर एक मेगापिक्सेलच्याही आतला होता. आपल्याकडे ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब आला. मी तेव्हा आठवी-नववीत होतो, पेपरातला त्याचा फोटो अजून आठवतो. त्यालाही कॅमेरा नव्हता. वर्षभरानं, नोव्हेंबर २०१२ मध्ये, 'आकाश २' आला आणि त्याला पुढच्या बाजूला साधा कॅमेरा आला. म्हणजे जगातला सगळ्यात गाजलेला टॅब असो की आपला सरकारी स्वस्त टॅब, दोघांनीही कॅमेऱ्याशिवाय सुरुवात केली आणि दुसऱ्या फेरीतच माघार घेतली.

मला तेव्हा हे हास्यास्पद वाटायचं. लग्नात वऱ्हाडातला एखादा काका पाटीएवढा टॅब दोन्ही हातांनी डोक्यावर धरून सप्तपदीचं शूटिंग करायचा आणि मागच्या चार रांगांना काही दिसायचं नाही. फोटोसाठी खिशात मोबाइल आहे, मग पाटीला डोळा कशाला, असं माझं पक्कं मत होतं.

ते मत पहिल्यांदा हललं ते पुतणीमुळे. ती शिरूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असतात. ते स्कॅन केले की दीक्षा ॲपवर त्या धड्याचे व्हिडिओ वगैरे उघडतात. पुस्तकाला क्यूआर कोड लावायची ही कल्पना आपल्याकडे रुजवण्यात रणजितसिंह डिसले गुरुजींचा मोठा वाटा. त्यांची शाळा सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीची. दौंडहून सोलापूरकडे जाणारी गाडी पकडली की कुर्डुवाडी लागतं, तोच हा भाग. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकली, हे बहुतेकांना माहीत असेल. मला मात्र वेगळीच गोष्ट जाणवली. या सगळ्याला टॅबच्या मागच्या बाजूला एक बरा कॅमेरा लागतो.

पुतणीच्या टॅबला तो होता, पण कोड काही केल्या स्कॅन होईना. ती टॅब पुस्तकाजवळ न्यायची, चित्र धूसर व्हायचं. लांब न्यायची, तर कोड इवलासा दिसायचा. स्वस्त टॅबमध्ये बऱ्याचदा फिक्स्ड फोकसचा कॅमेरा असतो. म्हणजे त्याची भिंग हलत नाही, ठरावीक अंतरापलीकडचंच स्पष्ट दिसतं. आबांना चष्मा काढल्यावर पेपर हातभर लांब धरावा लागतो, तसंच. खोक्यावर '२ मेगापिक्सेल' छापलेलं असतं, पण जवळचं दिसतं की नाही हे कुठंच लिहिलेलं नसतं. शेवटी तिनं आईच्या मोबाइलवर कोड स्कॅन केला. आई मोबाइल घेऊन शेतात गेली की अभ्यास बंद.

तेव्हा मला पटलं, की टॅबचा मागचा कॅमेरा हा फोटोसाठी नसतोच. तो वाचण्यासाठी असतो. पुस्तकातला कोड, औषधाच्या पाकिटावरची बारीक तारीख, विजेच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक. ज्याच्या हातात टॅब आहे तो त्यातून जगाकडे बघतो.

पुढचा कॅमेरा उलटा. तो टॅब धरणाऱ्याकडे बघतो. आणि माझी झोप उडवली ती यानं.

रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी आम्ही ॲप बनवलं होतं. लाइनवर तयार झालेला भाग तपासायचा, टॅबवर टिक करायची, खोट दिसली तर मागच्या कॅमेऱ्यानं तिचा फोटो काढायचा. पूर्वी हे सगळं कागदावर व्हायचं. ॲप चांगलं चाललं. मी महिन्यातून दोनदा तिथं जायचो. वीकेंडला दौंडला असलो, तर सोमवारी सकाळी बाइकवरून चौफुला-न्हावरा रस्त्यानं, उसाच्या ट्रॅक्टरांना चुकवत. गेटवर सिक्युरिटीवाला माझ्या मोबाइलच्या पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यांवर न चुकता स्टिकर लावायचा. कंपनीचं काही बाहेर जाऊ नये म्हणून. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एक दिवस नवी मागणी आली. टॅब स्टँडवर लावलेले असतात, समोर माणूस आहे की नाही ते कळत नाही. तर दर अर्ध्या तासानं पुढच्या कॅमेऱ्यानं एक फोटो आपोआप निघावा आणि सुपरवायझरच्या कॉम्प्युटरवर जावा. मी ते तीन दिवसांत करून दिलं. टायमर, फोटो, अपलोड. अवघड काहीच नव्हतं. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा चालू असला की स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. हे टॅब त्याहून जुन्या अँड्रॉइडवर होते, त्यामुळे तोही दिसत नव्हता. फोटो काढताना आवाज नको असंही कुणीतरी सांगितलं होतं, कामात व्यत्यय नको म्हणून. मी आवाज बंद केला. तेव्हा मनात काही आलं नाही, हे खरं सांगतो.

पुढच्या खेपेला गेलो तर एका टॅबच्या पुढच्या कॅमेऱ्यावर लाल टिकली चिकटवलेली होती. आपली कपाळाला लावायची, साधी. तिथं काम करणाऱ्या ताई घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्याच. गेली काही वर्षं त्याच लाइनवर. माझं ॲप त्यांनीच सगळ्यात आधी शिकून इतरांना शिकवलं होतं. मी टिकलीकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"दादा, हे फोटोचं तुम्हीच बसवलंय ना?"

मी हो म्हणालो.

"मग सांगायचं तरी. परवा सायबांनी बोलावून फोटो दाखवला. ओढणी नीट करत होते मी, तेवढ्यात काढलेला. चार माणसं उभी होती तिथं." मग जरा थांबून म्हणाल्या, "गेटवर तुमच्या मोबाइलला चिकटपट्टी लावतात. आमच्या तोंडाला कोण लावणार? म्हणून मीच लावली."

मी काय बोलणार? त्या रात्री पुण्याला परतल्यावर मी माझा कोड पुन्हा उघडून वाचला. त्यात चूक शोधत होतो. चूक नव्हती. सांगितलं होतं तेच तो बिनचूक करत होता.

मग वाचायला लागलो. २०१० मध्ये, म्हणजे बिनकॅमेऱ्याचा आयपॅड आला त्याच वर्षी, अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन इथल्या शाळांवर खटला झाला होता. शाळेनं मुलांना लॅपटॉप दिले होते. हरवले तर सापडावेत म्हणून दुरून कॅमेरा चालू करता येईल असं सॉफ्टवेअर त्यात होतं. त्यातून मुलांच्या नकळत, त्यांच्या घरातली हजारो चित्रं निघाली. शेवटी शाळेला तडजोडीत ६ लाख १० हजार डॉलर मोजावे लागले. तिथल्याही कुणा इंजिनिअरला ते सॉफ्टवेअर बसवताना काही वावगं वाटलं नसणार.

याच्या उलट उदाहरण तर आपल्याच भागातलं निघालं. २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप भारतात पहिल्यांदा आले ते रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या एकशिक्षकी शाळेत. त्या लॅपटॉपला कॅमेरा होता, आणि शेजारी एक बारीक दिवा. त्या दिव्याची जोडणी थेट हार्डवेअरमध्ये होती. कॅमेरा चालू झाला की दिवा लागणारच, सॉफ्टवेअरला तो विझवता येऊ नये अशी रचना. मुलांच्या हातात देतोय, तर आपण बघतोय हे मुलांना कळलं पाहिजे, एवढा विचार कुणीतरी आधीच करून ठेवला होता. मी तीन दिवसांत तो एकदाही केला नव्हता.

कायद्यात काही सापडतं का तेही पाहिलं. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा एरवी संमतीवर उभा आहे. पण नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल, तर संमतीशिवायही ती वापरता येते अशी वाट त्यातच ठेवली आहे. म्हणजे ताईंना विचारलं नाही, तरी कंपनी त्या वाटेकडे बोट दाखवू शकते. टिकलीएवढा सोपा उपाय कायद्यात मला दिसला नाही.

मी माझ्या मॅनेजरशी बोललो, मग कारखान्याच्या माणसांशी. पुढचा कॅमेरा बंदच करा, असं मी सुचवलं. ते नाही म्हणाले. हजेरी लागते, एकाच्या लॉगिनवर दुसरा काम करतो, खोट कुणाच्या हातून सुटली ते कळत नाही. त्यांचंही अगदी खोटं नव्हतं. बरीच खेचाखेच झाली. शेवटी ठरलं ते असं : शिफ्टच्या सुरुवातीला एकच फोटो, तोही कामगारानं स्वतः बटण दाबल्यावर. निघालेला फोटो आधी त्याला दिसणार, पसंत नसेल तर पुन्हा काढता येणार. दर अर्ध्या तासाचा टायमर मी काढून टाकला. आधी साठलेले फोटो पुसले, असं त्यांनी मला सांगितलं. मला ते तपासता येत नाही.

आता पुन्हा आबांच्या टॅबकडे. दिवाळीनंतर पप्पांना मी सांगितलं, की कॅमेरा हवा, दोन्हीकडचा हवा, आणि मागचा ऑटोफोकसचा हवा. पैसे त्यासाठी थोडे जास्त गेले तरी चालतील. कारणही सांगितलं. पेन्शनवाल्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर २०२१ पासून तो चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. ८० वर्षांवरच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना तर तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आबांच्या बोटांचे ठसे आता उमटत नाहीत. आयुष्यभर इंजिनचे दांडे धरून ते झिजलेत, असं ते म्हणतात. दर वर्षी त्यांना रिक्षात घालून बँकेत न्यायचं, रांगेत बसवायचं, मशिनवर एकेक बोट दाबून बघायचं.

टॅब आला. पप्पांनी आधी स्वतःचा चेहरा दाखवला, मग आबांसमोर धरला. स्क्रीनवर सूचना आली, डोळे मिचकवा. आबांना मिचकवणं म्हणजे काय ते कळेना, ते एकच डोळा मारत होते. पप्पा वैतागले, आई हसून हसून खाली बसली. चौथ्या खेपेला जमलं. आबांनी विचारलं, "झालो का जिवंत?"

मग त्यांनी मला आणखी एक विचारलं. "हा आता सारखाच बघत बसणार का माझ्याकडं?" मी म्हणालो, नाही आबा, आपण सांगू तेव्हाच. ते म्हणाले, "मग झाकण कुठंय त्याला?"

काही लॅपटॉपना कॅमेऱ्यासमोर सरकतं झाकण असतं. आबांच्या टॅबला नव्हतं. मी पाहिलेल्या बाकीच्या टॅबनाही नव्हतं. चार आण्याचा प्लास्टिकचा तुकडा, पण तो मला अजून कुठल्या टॅबच्या खोक्यावर छापलेला दिसलेला नाही. मी आईकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं आणि त्यातली एक लावून दिली. आबांना ती फार आवडली. पुढच्या वर्षी दाखल्याच्या वेळी काढायची, मग परत लावायची, असं त्यांनी पप्पांना बजावून ठेवलंय.

गेल्या महिन्यात रांजणगावला गेलो होतो. ताईंच्या टॅबवर टिकली होतीच. शिफ्ट सुरू झाली, त्यांनी ती नखानं हलकेच काढून मनगटावर चिकटवली, बटण दाबलं, फोटो बघितला, केस सारखे करून पुन्हा काढला. मग टिकली परत जागेवर. मी म्हणालो, "ताई, आता टायमर नाहीये त्यात. मी स्वतः काढलाय."

"माहितीये दादा," त्या म्हणाल्या. "तुम्ही काढला. उद्या दुसरं कुणी बसवलं तर?"

आणि पुढचा भाग तपासायला घेतला.