प्रीमियमचा तोंडी हिशेब

आमच्या टेबलावर नवीन मुलगा आला की मी त्याला आधी दोन आकडे पाठ करायला लावतो: सोळा आणि पॉइंट चार. सॉफ्टवेअर नंतर.

सोळा असा येतो: बाजार वर्षात साधारण अडीचशे दिवस चालतो आणि अडीचशेचं वर्गमूळ जवळपास सोळा. वार्षिक व्होलॅटिलिटीला सोळाने भागलं की रोजची हालचाल मिळते. इंडिया व्हिक्स १२ असेल, तर बाजाराने पाऊण टक्का धरलाय. २५,००० च्या निफ्टीत हे १८७ अंक. तीनातले दोन दिवस निफ्टीने या पट्ट्यात राहावं.

पॉइंट चार प्रीमियमसाठी. भाव, व्होलॅटिलिटी आणि उरलेल्या काळाचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराचे चाळीस टक्के, हा ॲट-द-मनी ऑप्शनचा अंदाजे भाव. महिना म्हणजे वर्षाचा बारावा भाग, त्याचं वर्गमूळ ०.२९. पंचवीस हजारांचे बारा टक्के तीन हजार, त्याला ०.२९ ने गुणून ८७०, त्याचे चाळीस टक्के साधारण ३५०. मुदत चौपट झाली तर प्रीमियम दुप्पटच होतो, हेही यातच आलं. मात्र भाव फ्युचरचा धरायचा. रोख निफ्टी धरली तर कॉल महाग आणि पुट स्वस्त वाटतो. तो फरक मुख्यतः व्याजाचा असतो.

फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचं सूत्र १९७३ मध्ये छापून आलं, त्याच वर्षी शिकागोत ऑप्शनचं एक्सचेंज उघडलं. ब्लॅक तिथल्या ट्रेडर्सना गणित करून ठेवलेले तक्ते विकत असत. एनएसईवर शेअरचे ऑप्शन जुलै २००१ मध्ये आले, तोवर हे काम संगणकाकडे गेलं होतं. उत्तर आयतं मिळतं, म्हणून ते उत्तर कशावर उभं आहे हे विसरायला होतं. भाव, स्ट्राइक, मुदत, व्याज सगळ्यांना माहीत असतं. पुढची व्होलॅटिलिटी मात्र कोणालाच ठाऊक नसते. म्हणून आम्ही सूत्र उलटं चालवतो: प्रीमियम घालायचा आणि बाजाराने किती हालचाल गृहीत धरली आहे ते काढायचं.

याचा खरा उपयोग निकालांच्या हंगामात होतो. हजार रुपयांचा शेअर आहे, एक्स्पायरीला दहा सत्रं उरलीत. नऊ दिवस एकेक टक्क्याचे, निकालाचा दिवस चार टक्क्यांचा. इथे टक्के नाही, त्यांचे वर्ग मिळवायचे: नऊ अधिक सोळा, पंचवीस, वर्गमूळ पाच. पाच टक्के म्हणजे पन्नास रुपये, त्याचे चाळीस टक्के वीस. निकाल लागला की उरले नऊ साधे दिवस: तीन टक्के, म्हणजे बारा रुपये. शेअर एक टक्का वर उघडला तरी वीसचा कॉल साडेसतराच्या आसपास दिसतो. दर तिमाहीला कोणीतरी विचारतंच, “शेअर वाढला, मग कॉल पडला कसा?” तो पडला, कारण चार टक्क्यांचे पैसे मोजले होते आणि एकच टक्का मिळाला.

हे आडाखे स्ट्राइक भावाच्या जवळ असेतोवरच चालतात. लांबच्या पुटवर ते लावू नयेत. ऑक्टोबर १९८७ च्या पडझडीनंतर निर्देशांकाच्या खालच्या स्ट्राइकना बाजार जास्त व्होलॅटिलिटी लावत आला आहे, आणि ती भीती कुठल्याही वर्गमुळात बसत नाही. दोन रुपयांचा पुट दोनच रुपयांचा आहे म्हणून स्वस्त ठरत नाही. तो पैसे देण्यासाठी शेअर किती पडावा लागेल, ते रोजच्या हालचालीच्या किती पट आहे, हे आधी मोजावं. सॉफ्टवेअर तेही सांगतं. पण आपण विचारलं तरच.