कडोदऱ्याची चौफुली आणि दोन कॅमेरे

नंदुरबारहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूर हे एक मौजेचे स्थानक आहे. त्याचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत मोडतो, आणि फलाटावरील एका बाकावर दोन्ही राज्यांची नावे रंगविलेली दिसतात. तेथून पुढे सोनगड, व्यारा व बारडोली ही गावे मागे टाकीत गाडी चलथाणला येते. चलथाणला उतरले की कडोदरा जवळच. आपल्या खानदेशातील कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी याच वाटेने सुरतेकडे गेली व तिकडेच स्थायिक झाली. अशाच एका कुटुंबाचा पाहुणचार घेण्याचा योग आम्हांला आला, तेव्हा हे गाव दोन दिवस निवांतपणे पाहावयास मिळाले.

कडोदरा हे सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील गाव. मुंबईहून अहमदाबादेकडे व पुढे दिल्लीकडे जाणारा ४८ क्रमांकाचा महामार्ग, जो पूर्वी ८ क्रमांकाने ओळखला जाई, तो येथे सुरत–बारडोली रस्त्याला भेटतो. ही चौफुली म्हणजेच कडोदऱ्याचा प्राण. मालमोटारींची रांग रात्रंदिवस तुटत नाही. एका अंगास कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्यांची धुराडी, तर दुसऱ्या अंगास उसाचे हिरवेगार मळे. चलथाणचा सहकारी साखर कारखानाही शेजारीच. पूर्वेला बारडोली, जेथे १९२८ साली सरदार पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी साराबंदीचा लढा दिला व जिंकला. असा इतिहास शेजारी असूनही कडोदऱ्यात प्रवासी म्हणून मुद्दाम कोणी उतरत नाही. येथे लोक कामासाठी येतात.

आमचे यजमान एका गिरणीत रंगखात्यात कामाला आहेत. दोन खोल्यांचे घर, त्यांची पत्नी, दोन मुले आणि गावाहून आणलेली वृद्ध आई. भिंतीवर वडिलांची तसबीर लावलेली होती. ओळखपत्रावरील इवल्याशा छायाचित्रावरून ती मोठी करून घेतल्यामुळे डोळे कोठे व भुवया कोठे हे धड कळत नव्हते. धाकट्या नातवाने आजोबांना पाहिलेले नाही. त्याच्या लेखी आजोबा म्हणजे तो धूसर डाग. म्हणूनच या घराने दोन वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला ठेवून एक चांगला कॅमेरा घेण्याचा बेत केला होता. पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते होते. दुकानदाराने दोन प्रकार सुचविले होते : लांबचे जवळ आणणारा, खिशात मावणारा सुपरझूम, किंवा लेन्स बदलता येणारा, पहिल्या पायरीवरील मिररलेस. योगायोगाने आमच्या मंडळींपाशी दोन्ही प्रकारचे कॅमेरे होते. तेव्हा कडोदऱ्यातच त्यांची पारख करावी असे ठरले.

वाचकहो, प्रथम या दोन जाती म्हणजे काय ते पाहू. फिल्म जाऊन तिच्या जागी आता सेन्सर नावाचा प्रकाश टिपणारा फलक आला आहे. सुपरझूममध्ये हा फलक फार लहान असतो. बहुधा ६ मिलिमीटर लांब व साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. फलक लहान म्हणूनच लांब पल्ल्याची लेन्स लहानशा पेटीत मावते. २०१८ साली निघालेल्या कॅननच्या पॉवरशॉट एसएक्स ७४० या कॅमेऱ्यात ४० पट झूम आहे, आणि वजन मात्र सुमारे ३०० ग्रॅम. मिररलेसचे तसे नाही. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत लेन्समागे एक आरसा असे व त्यातून छायाचित्रकार दृश्य पाही. तो आरसा काढून टाकला आणि दृश्य थेट पडद्यावर दाखविले, म्हणून हे नाव पडले. पॅनासोनिक कंपनीने २००८ साली असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. कॅननचा २०२३ सालचा आर ५० हा या जातीतील पहिल्या पायरीचा कॅमेरा. त्याचा फलक सुमारे २२ मिलिमीटर लांब व १५ मिलिमीटर रुंद आहे. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर तो सुपरझूमच्या फलकाच्या जवळजवळ बारा पट भरतो. पावसात वाटी ठेवली व परात ठेवली, तर अधिक पाणी कोणात साठेल हे आमच्या गृहिणींना सांगावयास नको. प्रकाशाचेही तसेच आहे.

सकाळी आम्ही उसाच्या मळ्याकडे निघालो. पाटाच्या कडेला बगळे उभे होते. मिररलेसमधून ते पांढरे ठिपकेच दिसले, कारण त्याच्यासोबत मिळणारी साधी लेन्स लांब पोचत नाही. सुपरझूमने मात्र बगळ्याची पिवळी चोच, तीत तडफडणारा मासा, सारे काही समोर आणून ठेवले. मुलांनी टाळ्या पिटल्या. आम्हीही मनातून सुपरझूमच्या बाजूने झुकलो, हे सांगितले पाहिजे.

दुपारी चौफुलीवर त्याच कॅमेऱ्याने दूरच्या धुराड्यांचे चित्र घेतले. धुराडी जवळ आली खरी, पण ती पाण्याखाली असल्यासारखी थरथरत होती व सर्वत्र करडा पडदा पसरला होता. हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे. तापलेल्या डांबरावरील हवा हलते, तीत धूळ व धूर मिसळलेला असतो. लेन्स लांबची वस्तू जवळ आणते, मधली धूळ दूर करीत नाही. शिवाय इतक्या लांबून टिपताना हाताचा बारीकसा कंपही कितीतरी पटींनी मोठा होतो. लांब झूमचा खरा उपयोग सकाळच्या स्वच्छ हवेत व भरपूर उजेडात. हा धडा कडोदऱ्याच्या चौफुलीने आम्हांला दिला.

संध्याकाळी खोलीत एकच नळीदिवा लागला होता. आजी चुलीऐवजी आता गॅसच्या शेगडीपुढे बसतात, पण भाकरी थापण्याचा हात तोच. सुपरझूमने चित्र घेतले, तेव्हा आजींच्या गालावरील सुरकुत्या पुसून जाऊन तेथे रांगोळीसारखे ठिपके उमटले. लहान फलकावर प्रकाश थोडा पडतो, कॅमेरा तो ओढूनताणून वाढवितो आणि त्याबरोबर खरखरही वाढते. मिररलेसने त्याच जागेवरून टिपलेल्या चित्रात पिठाने माखलेली बोटे, कपाळावरील गोंदण व डोळ्यांतील मिश्किल हसू स्पष्ट आले. चित्र पाहून आजी म्हणाल्या, “अहो, माझं कौतुक पुरे. मुलांसाठी तेवढं जपून ठेवा. ह्यांचं असंच करू, करू म्हणता राहून गेलं.” सारे घर क्षणभर गप्प झाले.

तथापि एका बाजूचेच वकीलपत्र घेणे बरे नव्हे. मिररलेससोबत मिळणाऱ्या लेन्सचे द्वार लहान असते. सुपरझूमची लेन्स न लांबविता तिचे द्वार त्याहून मोठे उघडते. त्यामुळे फलक बारा पट असला तरी प्रत्यक्ष लाभ सुमारे सहा पटींचाच पडतो. मंद उजेडात मिररलेसचे पुरते चीज व्हावे, तर ५० मिलिमीटरची एक स्थिर लेन्स पुढे केव्हातरी घ्यावी लागते. ती सोबतच्या लेन्सपेक्षा, ती पुरती लांबविली असता, सुमारे बारा पट प्रकाश आत घेते. पण तिचे पैसे निराळे. लांबच्या पक्ष्यांसाठी आणखी एक लेन्स घ्यावयाची, तर खर्च आणखी वाढला. सुपरझूममध्ये सारे एकाच किमतीत येते. धुळीचे म्हणाल, तर मिररलेसची लेन्स बदलताना फलक उघडा पडतो. म्हणून हे काम घरात, पंखा बंद करून व कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून करावे. उलट सुपरझूमची आतबाहेर होणारी नळी धूळ आत ओढते व ती आपल्याला पुसता येत नाही. पावसाळ्यात दोहोंच्या काचांना बुरशीचे भय आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून कॅमेरा त्यात ठेवावा.

या प्रसंगी कडोदऱ्याच्या दक्षिणेस असलेल्या नवसारीचे स्मरण होते. त्या गावी १९१३ साली होमाई व्यारावाला यांचा जन्म झाला. भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची कीर्ती आहे; त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळाले व २०१२ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या हाती बहुधा स्पीड ग्राफिक वा रोलायफ्लेक्स असे. रोलायफ्लेक्सला झूम मुळीच नव्हता. माणूस जवळ हवा असेल, तर आपणच चार पावले पुढे जावयाचे. तरीही स्वातंत्र्याच्या काळातील थोरांच्या मुद्रा त्यांच्यामुळे आज आपणांस पाहावयास मिळतात. यंत्राची पोच मोठी की माणसाची जवळीक मोठी, याचा विचार त्यांचे काम पाहून प्रत्येकाने करावा.

आणि कोणी विचारील, खिशात मोबाइल असता हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. मोबाइलमुळेच कॅमेऱ्यांचा बाजार आटला व खिशातील सुपरझूमचे नवे नमुने आता क्वचितच निघतात. उन्हातील कौटुंबिक चित्रांना मोबाइल पुरतो. सहा इंच बाय चार इंच आकाराच्या छापील चित्रास वीसबावीस लाख बिंदू पुरेसे असतात, आणि तेवढे साधा मोबाइलही देतो. परंतु लांबचा पक्षी किंवा अंधुक देवळातील प्रथम कम्युनियनचा प्रसंग आला, की मोबाइलची धाव संपते. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच : आपल्याला दूरचे हवे की अंधुकातले?

यजमानांना आम्ही एक साधा उपाय सुचविला. मोबाइलमध्ये शेवटी काढलेली शंभर छायाचित्रे पाहावी व मोजावे : लांबच्या वस्तूंची किती, आणि घरातील माणसांची, दिव्याच्या उजेडातली किती? पतिपत्नींनी रात्री बसून मोजणी केली. बगळा एकही नव्हता. बहुतेक साऱ्या चित्रांत तीच खोली, तोच नळीदिवा आणि तीच पाच माणसे होती. गिरणीची पाळी आटोपून माणूस घरी येतो, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. त्यांचा संसार दिव्याखालीच चालतो. त्यांनी मिररलेस घेण्याचे ठरविले. स्थिर लेन्ससाठी पुन्हा डब्यात पैसे टाकावयास आरंभ झाला आहे.

हाच निर्णय सर्वांनी घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. ज्यांचा दिवस शेतावर, खाडीकाठी वा डोंगरात जातो, ज्यांची मुले पाखरांच्या मागे धावतात, त्यांनी सुपरझूमच घ्यावा व सुखाने वापरावा. मात्र जो घ्याल तो कपाटात ठेवू नका. चित्रांची एक प्रत घरी व एक दुसरीकडे ठेवा, आणि वर्षातून निदान दहा चित्रे कागदावर छापून त्यांच्या मागे नाव व साल लिहा. घरातील वडीलधाऱ्यांची चित्रे या वर्षीच काढा. चांगला कॅमेरा येईपर्यंत थांबू नका, हाती असलेल्या मोबाइलवर काढा. कॅमेरा पुढच्या वर्षीही मिळतो.